खासदाराने झाकलेले नाव

पोलीस खात्यात मी पंचवीस वर्षे काढली, पण जी घटना आजही मनातून जात नाही ती खात्यातली नाही. ती ओमानमधली आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. खाकी उतरली तरी खोड उतरत नाही. गेटवर मी स्टेशन डायरीसारखी वही सुरू केली, पहारेकऱ्यांची सकाळी रांगेत हजेरी घेऊ लागलो. लोक मला ‘पोलीससाहेब’च म्हणत आणि मला ते आवडत असे.

कारखान्याची मूळ कंपनी इंग्लंडमधली. ती ज्या गावात होती तिथले खासदार एकदा आमचा कारखाना पाहायला आले. त्यांच्यासोबत दिवसभर राहण्याचे काम माझ्याकडे होते. साठीकडे झुकलेला, उंच, साधा माणूस. कँटीनमध्ये ताट घेऊन ते कामगारांच्या रांगेत उभे राहिले आणि पुढच्या कोकणी फिटरला म्हणाले, “जेवलास काय?” सगळी रांग हसली. तरुणपणी ते ओमानमध्येच रस्त्यांची मोजणी करायला होते आणि त्यांच्या तंबूतला स्वयंपाकी रत्नागिरीचा होता. तेवढे मराठी त्याने शिकवले होते. मायदेशी परतल्यावर ते युनियनमध्ये गेले, मग नगरपालिकेत, आणि तीनदा पडून चौथ्यांदा पार्लमेंटात. दर शनिवारी गावातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते बसत. कुणीही तक्रार घेऊन यावे. “तुम्हाला शनिवारी तिथे येता येणार नाही, पण पत्र येऊ शकतं,” असे मोडक्या हिंदीत सांगून त्यांनी आपली कार्डे वाटली. पुढारी सगळीकडे सारखेच, असे मी मनात म्हटले.

तीनेक महिन्यांनी जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावले आणि एक झेरॉक्स पुढ्यात टाकली. खासदारांना आमच्याच एका माणसाने लिहिलेले इंग्रजी पत्र होते. रोलिंग मशीनच्या तोंडाची संरक्षक जाळी काम झपाट्याने व्हावे म्हणून काढून ठेवली आहे, एकाची बोटे गेली, दुसऱ्याचा हात थोडक्यात वाचला, असे त्यात होते. खासदारांनी ते खुलाशासाठी मूळ कंपनीकडे पाठवले होते आणि तिथून ते आमच्याकडे आले होते. लिहिणाऱ्याचे नाव आणि सही मात्र त्यांनी कागदाची पट्टी ठेवून झाकली होती आणि मगच झेरॉक्स काढली होती. अक्षरही ओळखू येत नव्हते, कारण सगळे कॅपिटलमध्ये लिहिलेले.

“हा माणूस मला आठवड्यात हवा,” मॅनेजर म्हणाला. पत्रातले खरे की खोटे, हे त्याने विचारले नाही. मीही नाही.

मेसमधल्या एकाने लगेच खबर दिली की हे काम तीन फिटरांचे आहे. दोन दिवस मी त्यांना वेगवेगळे बसवून विचारले. निघाले एवढेच, की खबऱ्याचे त्यांच्याशी टीव्हीवरून भांडण झाले होते. खबर आली की आधी खबऱ्याला तपासावे, हे मी नव्या फौजदारांना शिकवीत असे आणि स्वतःच विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्स उजेडात धरली. डाव्या बाजूला, कागदाच्या साधारण पाव रुंदीवर, वरपासून खालपर्यंत एक पुसट उभी रेघ होती. ती मूळ पत्राच्या घडीची होती. ठाण्यात मी असे हजारो अर्ज पाहिले आहेत. आपल्याकडे कचेरीत अर्ज लिहिण्याआधी कागद डावीकडून दुमडतात. समास सरळ राहतो आणि साहेबाला शेरा मारायला जागा मिळते. त्या इंग्रज मॅनेजरने पत्र महिनाभर समोर ठेवले असते तरी त्याला त्या रेघेचा अर्थ लागला नसता. मला लागला, आणि आमच्या कारखान्यात ही सवय असलेला एकच माणूस मला माहीत होता.

ते आमचे ड्राफ्ट्समन. अकोल्याकडचे, पूर्वी पाटबंधारे खात्यात होते. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी बुद्धवंदना झाली की मला हटकून जेवायला बोलवायचे. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्जसुद्धा समास दुमडून लिहीत. “अहो, इथे शेरा मारायला कलेक्टर येणार आहे का?” असे मी त्यांना चिडवायचो.

त्यांना गेटच्या खोलीत बोलावले, चहा मागवला आणि झेरॉक्स पुढे केली.

“तुम्ही लिहिलंत?”

“हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, साहेब. मॅनेजरला नसतं सांगितलं.”

“फॅमिली आहे इथे, मुलगी दहावीला. हे उद्योग कशाला?”

“मशीनच्या ड्रॉइंगमध्ये जाळी आहे, साहेब. ते ड्रॉइंग माझ्याच टेबलावर असतं. रोज बघायचं आणि गप बसायचं?”

“मला रिपोर्ट द्यावा लागेल.”

त्यांनी चहा संपवला. “द्या. फक्त जाळीचं पण लिहा. तुम्ही लिहिलं तर ते ऐकतील.”

मी अर्ध्या पानाचा रिपोर्ट दिला. जाळीबद्दल एक शब्द लिहिला नाही. ‘कोण’ एवढेच मला विचारले होते, अशी मी मनाची समजूत घातली. मॅनेजरने पाठ थोपटली आणि माझी छाती फुगली. हे लिहिताना लाज वाटते, पण फुगली होती.

“खलास,” एवढेच तो ड्राफ्ट्समनबद्दल म्हणाला. आठवड्याच्या आत त्यांचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर पोहोचवायला कंपनीच्या गाडीतून मलाच पाठवले. वहिनी सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होत्या. मुलगी अडखळत म्हणाली, “काका, माझी बोर्डची एक्झाम... इंडियात सेंटर चेंज होतं का?” मला माहीत नव्हते. इन्शाल्ला होईल, असे काहीतरी मी बोललो.

पाच-सहा वर्षांनी एका सकाळी गेटवर टॅक्सी थांबली आणि ते खासदार उतरले. एकटेच. आता ते खासदार नव्हते. त्यांनी जाळीचा प्रश्न लावून धरला, तेव्हा गावात कुणीतरी उठवले की हा माणूस गावातला कारखाना बंद पाडणार. थोड्या मतांनी ते पडले. “त्यामुळेच पडलो असं म्हणणं बरं नाही, माझं वयही झालं होतं,” ते म्हणाले. तरुणपणी मोजलेले रस्ते पाहायला ते आले होते. पण सोहारला यायचे कारण वेगळे होते.

“त्या माणसाचं मला भारतातून पत्र आलं होतं. नोकरी गेली, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं लिहिलं होतं. तेव्हापासून मी कुणाचंही पत्र जसंच्या तसं पुढे पाठवलं नाही, सगळी स्वतः टाइप केली. पण नाव तर मी स्वतःच्या हाताने झाकलं होतं. कुठे चुकलो?”

इतकी वर्षे हा माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन बसला होता. मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, डावीकडून दुमडला, उलगडला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“तुम्ही चुकला नाहीत. ही घडी मी ओळखली.”

त्यांनी रेघेवरून बोट फिरवले. मग विचारले, “जाळी बसली?”

“बसली. दीड वर्षाने. मध्ये आणखी एकाचा हात गेला.”

ते उठले, माझ्याशी हस्तांदोलन केले आणि टॅक्सीत बसले. मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

तपासात ‘कोण’ हा प्रश्न सोपा असतो आणि वरिष्ठांना तोच आवडतो. ‘खरे आहे का’ हे आपणहून विचारावे लागते. गावी परतल्यावर मी ड्राफ्ट्समनना माफीचे पत्र लिहायला बसलो, तेव्हा सवयीने कागद डावीकडून दुमडला आणि हात थांबला. तो समास शेऱ्यासाठी असतो. त्यांच्या पत्रावरही तो कोराच सोडलेला होता. तिथे मी तेव्हाच तीन शब्द लिहायला हवे होते: ‘तक्रार खरी आहे.’