चौदावा रकाना

शकूताई गेल्याचं मला कळलं ते सकाळी, रायपुरातल्या शंकर नगरच्या माझ्या कार्यालयात. तिच्या भाचीचा फोन होता. "मामा, मौसी नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. मी मराठीत विचारत राहिलो, ती हिंदीत सांगत राहिली. फोन ठेवल्यावर दुःखाच्या आधी माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही; पण ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. मला वाटलं, सुटलो. आता तिला सांगावं लागणार नाही...

शकूताई वर्ध्याची. रेल्वेतल्या माणसाशी लग्न होऊन रायपुरात आली आणि बीरगावच्या प्राथमिक शाळेत शिकवू लागली. माझ्या आईची ती मैत्रीण, माझ्याहून बरीच मोठी, पण मी तिला ताईच म्हणत असे. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शहरात रोज नवी पाटी लागत होती, आणि मी नोकरी सोडून संस्थांचे अनुदानाचे अर्ज लिहून देण्याचं काम नुकतंच सुरू केलं होतं. एका दुपारी ती आली आणि एक छापील अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. दिल्लीची कुठलीशी संस्था कमी मिळकतीच्या कुटुंबांच्या घरांसाठी निधी देत होती. तिच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप कारखान्यांत राबायचे आणि पत्र्याच्या खोपटांत राहायचे. "तुले लिहिता येते, मले बोलता येते," ती म्हणाली. "दोघं मिळून एक माणूस तर होतेच."

घरांचा नकाशा मी अभियंत्याकडून काढून घेणार होतो. शकूताईने तो शाळेच्या मैदानावर काढला. एका रविवारी तिने बायकांना घरच्यांसकट बोलावलं, गाठी मारलेली सुतळी ताणली आणि मैदान आखायच्या फक्कीने जमिनीवर पुऱ्या मापाचं घर रेखलं. मग एकेका कुटुंबाला आत राहायला सांगितलं. बायका आखलेल्या दारातूनच आत जात. कुणी रेघ ओलांडली तर बाकीच्या हसत. फूलबाई नावाच्या बाईने आपली तिन्ही मुलं ओळीने जमिनीवर निजवली, नवऱ्याला निजवलं, आणि त्याचे पाय रेघेबाहेर गेले. "सासूले कुठं ठेवतं वो आता? माझ्या घरी?" शकूताईने विचारलं. फूलबाई दारासमोरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "सास परछी म सुतही, दीदी. ओला खोखी हे." परछी म्हणजे इकडची ओसरी. म्हातारीला खोकला होता. आत निजली की मुलं जागी होत. शकूताईने सुतळीच्या शेवटच्या गाठीपुढे चार हात मापलं, तिथे लाल दोरा बांधला आणि परछी आखली. मी फोटो काढले.

त्या अर्जात चौदावा रकाना होता: ठरलेल्या मापापेक्षा अधिक जागा हवी असल्यास कारण लिहावे. कारण माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर निजलं होतं. चार ओळींचं काम होतं, आणि ओळी लिहिणं हाच माझा व्यवसाय. पण तो माझा पहिला मोठा अर्ज होता. अधिक मागितलं की फाइल शंका काढून परत येते, असं मी ऐकलं होतं. माझा अर्ज एकही शंका न येता मंजूर व्हावा, याची मला हौस होती. मी त्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं, परछीविना नकाशा जोडला, आणि लोकांशी सल्लामसलत केल्याचा पुरावा म्हणून फक्कीच्या घराचे फोटोही जोडले.

अर्ज एकही शंका न येता मंजूर झाला. शकूताईला मी सांगितलं, परछी वरच्या लोकांनी कापली.

घरं उभी राहिली, तेव्हा चाव्या द्यायला आम्ही दोघं गेलो. फूलबाई दारासमोर थांबली. पुढे थेट गल्ली होती. "परछी कहां हे, दीदी?" मी शकूताईच्या मागे उभा होतो. तिने वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "भैया बहुत लड़े, फूलबाई. नहीं माने वो लोग." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. फूलबाईची सासू काही दिवस गल्लीत प्लास्टिक ताणून निजली, मग गावाकडे थोरल्या मुलाकडे गेली. ती पुन्हा बीरगावला आली नाही. पुढे कळलं, त्याच निधीतून दुसऱ्या एका गावात परछीसकट घरं झाली होती. त्यांनी चौदावा रकाना भरला होता.

त्यानंतर शकूताई माझ्याबद्दल भेटेल त्याला सांगत असे, विनायकसारखा भांडणारा माणूस नाही. मी भांडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही तिने ते मानलं, कारण ते मी सांगितलं होतं. शेवटच्या आजारात समता कॉलनीतल्या तिच्या घरी गेलो, तो सगळं सांगायचं ठरवूनच. ती उशीला टेकून बसली होती. "नवा अर्ज लिहून राहिला का रे?" तिने विचारलं. मी 'हव' म्हणत होकार दिला. "मग परछीचं आणखीन मांग. काहून भेतं? या खेपेले देतील ते..." मी पुन्हा हव म्हणालो, आणि तिला पाणी दिलं.

शोकसभा बीरगावच्या शाळेतच झाली. फूलबाई उठली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. दीदीबद्दल बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे हात केला आणि हे भैया आमच्यासाठी लढले होते, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बोलायची पाळी आली तेव्हा गळा दाटल्याचं कारण सांगून मी खाली बसलो.

निघताना भाचीने माझ्या हातात एक पत्र्याचा डबा ठेवला. "मौसी का है, मामा. आपके काम आएगा." तळाशी थोडी फक्की होती आणि वर ती सुतळी गुंडाळलेली. मी कार्यालयात ती उलगडली. खोलीच्या गाठी होत्या, आणि त्यांच्या पुढे चार हातांवर लाल दोरा तसाच बांधलेला होता. तिने तो सोडला नव्हता.

हे सारं इथे लिहिल्याने मन हलकं होईल असं वाटलं होतं. पण फूलबाईला मराठी वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांच्यापैकी कुणाच्या सासूचा बिछाना मी काढून घेतलेला नाही. तेव्हा येत्या रविवारी सुतळी घेऊन बीरगावला जाणार आहे. फूलबाईच्या दारासमोर बसायला जागा नाही. जे सांगायचं ते उभ्यानेच सांगावं लागेल.