हरतालिका काल का आज?

चुलीवर काही असन त खाली उतरवा, हे आत्ताच आयका!

आज आमच्या मानोरा गावात हरतालिका. बायांचा निर्जळ उपास, पान्याचा थेंबही नाही. दुपारी कासारीण आली बांगड्या भराले. दरसाल येते, पन नाव कोनालेच मालूम नाही. हात असा दाबते का बांगडी कवा चढली कळतच नाही. आज मात्र तिचेच हात थरथरून राह्यले होते. माह्या मनगटावर चक्क बांगडी फुटली!

काकू म्हनली, "काय वो, सकाळपासूनच्या उपासानं एवढी गळाली?"

"कालपासून हाय माय. आमच्या इंझोरी गावच्या जोश्यानं काल सांगतली, तुमच्यानं आज."

"मंग तुह्यी त झाली! पानी पे ना."

तिनं काकूनं देलेला तांब्या मांगं सरकवला. "घरवाला तापानं पडून हाय. कोन्ता जोशी खरा, मले काय मालूम? जोशी दोन हायेत माय, नवरा एकच हाय."

कासारीण बांगड्याची पेटी डोक्यावर घेऊन, भिंत धरत धरत गेली. मी अजून हादरूनच हावो.

तुमच्या घरीबी कोनी गुपचूप दोन्ही दिवस धरले का वो? इचारा बरं एकदा.