प्रोग्राम माझा, ओटी साहेबांची

साहेबांनी कागद ओटीवरून खाली टाकले. माझ्या पायांशी, मातीत. "उचल आणि तिथूनच सांग," म्हणाले.

ते कागद मीच लिहिले होते. आमची मोठी विमा कंपनी. मुंबईच्या कचेरीत नवीनच कॉम्प्युटर आलेला. त्याला कामाचा क्रम लिहून द्यायचा, त्याला प्रोग्राम म्हणत. परीक्षा घेऊन निवडलेल्या पाचांत मी एक. म्हसळ्याकडच्या महारवाड्यातला.

कचेरीत साहेब माझ्या हातून कार्डं घेत. मशीनला माहिती पुरवायची, भोकं पाडलेली ती कार्डं दिवसभर या हातातून त्या हातात फिरायची, तिथे कुणाला विटाळ झाला नाही. रविवारी कागद घेऊन नागावला त्यांच्या बागेतल्या घरी बोलावलं, तर मी अंगणात. गड्याने पाणी आणलं ते करवंटीत. मी प्यालो. हो, प्यालो. लाज वाटते सांगायला, पण भ्यालो होतो. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आलेली, कायम करायची सही साहेबांच्या हातात. ती नाही मिळाली तर पुन्हा खोताच्या बांधावर. आई म्हणालेली, "गप ऱ्हा बाबा, सही होऊ दे."

ओटीवर कंपनीचे मोठे साहेब बसले होते. प्रोग्राम आपणच लिहिला, असं आमच्या साहेबांनी त्यांना सांगून ठेवलेलं. मोठ्या साहेबांनी साधंच विचारलं, "कार्डं संपली हे मशीनला कळतं कसं?" आमचे साहेब गडबडले. आणि कागद खाली आले.

मी वाकलो. कागद झटकले. शेवटी एक खुणेचं कार्ड लावायचं, ते ओळखून मशीन थांबतं. एवढंच उत्तर. जिभेवर होतं. तरी तोंडातून दुसरंच निघालं. "साहेब, हे मी लिहिलंय. वर बसवा, मग सांगतो."

आमचे साहेब हळूच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

मोठे साहेब नारळीच्या झाडांकडे बघत राहिले. त्यांचा राग मला जास्त आला. कागद पायरीवर ठेवले आणि रेवसहून मुंबईची लाँच गाठली. वाटभर डोक्यात एकच. आईला काय सांगू?

सोमवारी दहाला कचेरीत हजर. साहेबांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसलो. म्हटलं, "काढायचं तर काढा. पण कारण लेखी द्या. अंगणात का उभं केलं, तेही त्यात लिहा. ते घेतल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय."