पानवेलीचं पुस्तक कुणाचं?

ऐंशीच्या दशकातली एक सकाळ. वसईत माणिकपूरजवळच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते. पानवेलीची वाडी करणारे पेद्रू लोपीस थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी एकच पुस्तक लिहिलं होतं, पानवेलीच्या लागवडीवर.

"बाई, माझं पुस्तक फादरनी कधी लिहिलं?"

त्याचं असं झालं... आम्ही आठ-दहा लायब्रऱ्यांनी मिळून कॉम्प्युटरवर एकच यादी करायचं ठरवलं होतं. नोंदी सगळीकडे एकाच पद्धतीने हव्यात, म्हणून नियमांची समिती नेमली. नाव पुस्तकावर छापलंय तेवढंच घ्यायचं, पदव्या आणि इतर खुणा गाळायच्या, हा नियम माझा. भांडून मंजूर करून घेतलेला.

चाचणीची पहिली यादी मी कौतुकाने नोटीस बोर्डवर लावली. तिच्यात पेद्रू लोपीस एकच! खाली प्रार्थनेची चार पुस्तकं आणि पाचवं पानवेलीचं. ती चार त्याच गावच्या, त्याच नावाच्या फादरांची.

मी पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं काढली. पानवेलीच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'विहिरीकडचे'. आमच्या गावांत एकाच नावाचे चार-चार जण, ते ओळखले जातात घराच्या नावाने. आधीच्या ग्रंथपालांना हे माहीत होतं... मी मात्र फालतू म्हणून गाळलं होतं.

पुढच्या बैठकीत मी चूक कबूल केली आणि जास्तीचा रकाना मागितला. मुंबईचे एक ग्रंथपाल हसले, "मॅडम, वसईत नावंसुद्धा रेशनवर मिळतात का?"

"हसा. पण रकाना द्या."

तरी 'विहिरीकडचे' म्हणजे कोण, हे नागपूरच्या वाचकाला कसं कळणार? हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बराच खल झाला. शेवटी ठरलं, नाव सारखं असेल तर जन्मसाल जोडायचं.

पेद्रूकाकांना आपलं जन्मसाल ठाऊक नव्हतं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये ते सापडलं. फादरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे!

"म्हणजे फादरनी मला काका म्हणायला पाहिजे," ते म्हणाले.

नवी यादी आली तेव्हा मी त्यांना बोलावून घेतलं. नाव, साल आणि खाली एकच पुस्तक... त्यांनी त्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"एकच आहे बाई. पण माझं आहे."

पुढे नोकरीभर मी पुष्कळ नियम केले. पण कुणाची पेन्सिलीची खूण पुसण्याआधी ती का केली असेल, हे विचारायला शिकले ते त्या एका कार्डामुळे.