मास्तरांची शिकवणी

घोडेस्वारीच्या शाळेतली पोरं बाईंना 'चालबाई' म्हणायची आणि त्यांच्या नवऱ्याला 'उडीमास्तर'. अर्थात पाठीमागे. पण तबेल्याच्या भिंती पातळ आणि पोरांचे आवाज जाड, त्यामुळे दोघांनाही ती नावं ठाऊक होती. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मास्तर रागावल्याचं सोंग आणायचे, पण मिशीखालचं हसू काही त्यांना लपवता यायचं नाही.

नवीन पोर आलं की आधी बाईंच्या हाती पडायचं. बाई त्याला मावशीवर बसवायच्या. मावशी ही करड्या रंगाची थोराड घोडी. तिने आजवर कुणाला पाडलं नव्हतं, म्हणून तिला मावशी म्हणायचे. बाई पाय ठेवायच्या रिकिबी काढून घ्यायच्या, लगामही काढून घ्यायच्या, घोडीला लांब दोरी लावून स्वतः मधोमध उभ्या राहायच्या आणि पोराला नुसतं बसायला शिकवायच्या.

"बैठक नीट तर सगळं नीट," त्या सांगायच्या. "पाठीत काठी घालू नकोस आणि पोत्यासारखा बसूही नकोस. श्वास सोड. तू श्वास रोखलास की तिला वाटतं पुढे काहीतरी वाईट आहे."

मग कदम चाल, मग दुडकी, मग वर्तुळं. लहान वर्तुळ, मोठं वर्तुळ, या हाताला, त्या हाताला. ड्रेसाज म्हणतात त्या कवायतीचा पाया तो हाच. पोरं कंटाळून जायची. शेवटी एकदाचं पोर मास्तरांकडे जायचं, जमिनीपासून वीतभर उंच दांडीवरून उडी मारायचं आणि घरी जाऊन सांगायचं, "आज मी पहिल्यांदा घोड्यावर बसलो!"

यावरून नवराबायकोत नेहमी वाजायचं.

"तू पोरांना चालवून चालवून म्हातारी करतेस," मास्तर म्हणायचे. "घोडा काय नाचायला असतो?"

"आणि तुम्ही त्यांना उडायला शिकवता, उतरायला कोण शिकवणार?"

"उतरायला पृथ्वी शिकवते."

बाईंकडे याला उत्तर होतं, पण त्या ते तोंडाने द्यायच्या नाहीत, नुसतं आपलं डावं मनगट पुढे करायच्या. खोगीर शिवणाऱ्याची ही मुलगी. विशीत असताना बापाने दुरुस्त केलेली खोगिरं पोचवायला तबेल्यात आली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "शिवता येतं, पण बसता येतं का?" ती बसली. आठवड्याभरात मास्तरांनी तिला उडीवर घातलं, आणि मनगट मोडलं. दवाखान्यात मास्तर रोज यायचे, ओशाळून दारातच उभे राहायचे. लग्न जमलं ते त्या दारात. पण उडी बाईंनी पुन्हा कधी मारली नाही. चालीचं शास्त्र मात्र त्या अशा शिकल्या की बाहेरगावचे स्वार आपली घोडी घेऊन त्यांच्याकडे यायला लागले.

एक गोष्ट बाईंच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती, ती म्हणजे 'छान'. फारच मनासारखं झालं तर त्या "हं. असंच" म्हणायच्या. पोरं तो 'हं' महिनाभर मिरवायची. मास्तर हसायचे. "आमच्या लग्नात भटजींनी विचारलं, मुलगा पसंत आहे ना? तर ही म्हणाली, हं." भटजींनी असं काही विचारलं नव्हतं, पण गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की ती आता खरीच होती.

मास्तरांना झटका आला तो रिंगणातच. सकाळची वेळ होती. ते अडथळा मांडत होते आणि एक मुलगी घोडा घेऊन वळणावर यायला लागली होती. ती दांडीकडे बघत होती. दांडीकडे बघशील तर दांडीत पडशील, पलीकडे बघ, हे मास्तरांचं नेहमीचं सांगणं. "नजर पुढे!" असं ते ओरडायला गेले, आणि तोंडातून काहीतरी भलतंच आलं. हातातली दांडी सुटून वाळूत पडली. मास्तर नकला करण्यात पटाईत, त्यामुळे पोरांना वाटलं, करतायत काहीतरी. पोरं हसली. मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. पोरं पुन्हा हसली.

बाई रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी तो आवाज ऐकला आणि हातातली लांब दोरी टाकून धावत सुटल्या. घोड्याची दोरी कधी टाकायची नाही, असं त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

दवाखान्यातून मास्तर घरी आले ते अर्धेच. उजवा हात लोंबलेला, उजवा पाय ओढत चालणं. शब्दांपैकी 'हो', 'नाही' आणि 'चल' एवढेच उरले होते. तेही कधी उलटसुलट यायचे. नाकावर माशी बसू न देणारा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि खरोखरच नाकावर माशी बसली तरी डावा हात उचलायचा नाही. शाळेतून घोड्यांचे आवाज यायचे तेव्हा बाई स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीकडे बघत राहायच्या. एका दुपारी मास्तर म्हणाले, "चल."

"कुठे?"

त्यांनी मानेने खिडकीबाहेर दाखवलं.

लेक सासरहून आली होती, ती आईवर उखडली. "आई, बाबांना घोड्यावर? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? पडले म्हणजे?"

"मावशी पाडत नाही."

"मावशी पाडणार नाही गं, पण बाबा पडतील!"

"या खुर्चीत ते रोज थोडे थोडे पडतायत," बाई म्हणाल्या. "ते तुला दिसत नाही, मला दिसतं."

डॉक्टरांनी बरेच आढेवेढे घेऊन होकार दिला. फक्त कदम चाल आणि दोन्ही बाजूंना माणसं, ही अट. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला म्हातारा मोतद्दार. या मोतद्दाराने मास्तरांचे घोडे इतकी वर्षं खरारा करून चकचकीत ठेवले होते. चढण्यासाठी लाकडी पायऱ्या मांडल्या. डावा पाय रिकिबीत मास्तरांनी स्वतः टाकला. उजवा पाय मोतद्दाराने दोन्ही हातांनी उचलून खोगिरावरून पलीकडे नेला. इतक्या हळू, की जणू पाय काचेचा आहे. मास्तर बसले. मावशीने एक कान मागे वळवला, वरच्या ओझ्याचा अंदाज घेतला आणि चारी पाय जरा फाकवून घट्ट उभी राहिली.

मग शिकवणी सुरू झाली. आयुष्यभर ज्या गोष्टींची मास्तरांनी टर उडवली, त्याच आता त्यांच्या नशिबी आल्या.

"बैठक," बाई म्हणाल्या. "श्वास सोडा."

मास्तरांनी डोळे वर फिरवले.

"डोळे फिरवू नका. तुम्ही आज आलेलं नवीन पोर आहात. श्वास सोडा म्हटलं ना?"

मोतद्दार दुसरीकडे तोंड करून हसला. मास्तरही हसले, अर्ध्या तोंडाने. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि बाईंना एकदम लगाम नीट करायचं सुचलं, कारण मान खाली घालायला काहीतरी निमित्त हवं होतं.

पोरं यायच्या आधी, वाळू अजून गार असताना ते रोज रिंगणात उतरायचे. बाई सांगायच्या आणि मास्तर ऐकायचे. डावा पाय जोर करतो, त्याला आवरा. उजव्या कुल्ल्यावर कोसळू नका. पोट वर उचला. घोडी वळवायची तर हाताने ओढू नका, आधी बघा, मग छाती वळवा, ती तुमच्या खालून वळते. इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांनी बाईंचं इतकं कधी ऐकलं नव्हतं. बाईंना मनातून लाज वाटायची, पण खोटं कशाला, त्या सकाळी सुखाच्या होत्या. नवरा पुन्हा नवऱ्यासारखा ताठ दिसायचा. मावशीवर बसला की त्याचा ओढणारा पाय दिसायचा नाही, मावशीचेच चार पाय दिसायचे. मास्तर आधाराशिवाय बसू लागले. वर्तुळ काढू लागले. एकदा बाईंनी वाळूवर एक दांडी आडवी ठेवली, मावशीने ती पाय उचलून ओलांडली, आणि मास्तरांनी डावी मूठ अशी हवेत नाचवली की जणू माणसाएवढी भिंत ओलांडली. लेकीला फोनवर सांगताना बाईंचा आवाज पोरीसारखा झाला होता.

पण वाळू खोटं बोलत नाही. घोड्याच्या टापा वाळूत उमटतात आणि स्वाराच्या अंगात काय चाललंय ते त्या रेषेत वाचता येतं. बाईंना ती रेष वाचायची सवय होती. दिवस थंडीकडे झुकत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मास्तरांचं वर्तुळ एका अंगाला फुगतंय. आधी थोडंसं. म्हटलं, मावशी थकली असेल. मग वर्तुळाचं चक्क अंडं व्हायला लागलं. मावशी बिचारी ओझं जिकडे ढळेल तिकडे सरकत होती, त्याच्या खाली राहायला बघत होती. मास्तर उजवीकडे ढासळत होते. खुर्चीत, जेवताना, बोलताना काहीच फरक दिसत नव्हता. डॉक्टरही म्हणाले, प्रकृती आहे तशी आहे. पण मावशीला कळलं होतं, आणि मावशीकडून बाईंना.

बाईंनी कुणाला सांगितलं नाही. शिकवणी संपली की मास्तरांना बाकावर बसवायच्या आणि दाताळं घेऊन स्वतः वाळू सारखी करायच्या. मोतद्दार म्हणायचा, "बाई, द्या मी करतो." "नको," त्या म्हणायच्या. "मला व्यायाम होतो." मोतद्दाराला त्या व्यायामामागचं सगळं कळत होतं. तो मावशीला घेऊन तबेल्याकडे जायचा.

आणि एके दिवशी, वर्तुळ पार बिघडलं असताना, बाई म्हणाल्या, "छान."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "छान. फारच छान."

मास्तरांनी मावशीला थांबवलं. रिंगणात बाई आणि मोतद्दार यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मास्तर बाईंकडे वळले. त्यांचा जबडा हलत होता, गळ्याशी शीर फुगली होती, एखादं जड दार खांद्याने ढकलावं तसे ते आतून कशाला तरी ढकलत होते. मग शब्द आला. त्यांच्याकडे उरलेल्या शब्दांत तो नव्हता.

"खोटं," मास्तर म्हणाले.

बाईंच्या हातातून चाबकाची काठी गळून पडली. ती उचलून त्या मावशीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "खोटं. तुम्ही उजवीकडे ढळताय. पंधरवड्यापूर्वी होतात त्यापेक्षा जास्त. रोज थोडं जास्त."

मास्तरांनी मान हलवली. मग डावा हात मावशीच्या आयाळीवर ठेवला आणि थोपटलं. आता उतरतील, असं मोतद्दाराला वाटलं, तो पुढे झाला. पण मास्तरांनी त्याला हाताने मागे सारलं आणि बाईंकडे बघून म्हणाले, "चल."

त्या सकाळी बाईंनी नवऱ्याला काहीही माफ केलं नाही. "उजवा खांदा! पुन्हा पडला. पोट वर. बघताय कुठे? पलीकडे बघा. नाही, चुकलं. पुन्हा." ओरडता ओरडता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या थांबत नव्हत्या. मास्तर घामाने भिजले. वर्तुळ एकदाही गोल झालं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच लगाम सोडला, मोतद्दाराने पाय उचलून घेतला आणि ते खाली उतरले. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी मावशीच्या कपाळाला कपाळ लावलं. दुसऱ्या दिवशी बाई बूट घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "नाही." हा 'नाही' उलटसुलट आलेला नव्हता.

थंडीच्या मधल्या दिवसांत दुसरा झटका आला. आता 'हो', 'नाही' आणि 'चल'ही गेले. घरातच खाट टाकली होती, लेक येऊन राहिली होती. बाईंनी खुंटीवरचा एक जुना लगाम उतरवला. नवख्याला लगाम धरायला शिकवतात तेव्हा आधी घोड्याच्या तोंडाशी नेत नाहीत. एका टोकाला शिकणारा, दुसऱ्या टोकाला शिकवणारा, असे समोरासमोर बसवतात. पेंगुळलेल्या मुलाचा हात धरून चालताना धरतो तसं धरायचं. ओढायचंही नाही आणि सोडायचंही नाही. बाईंनी एक टोक मास्तरांच्या डाव्या मुठीत दिलं आणि दुसरं आपल्या हातात घेऊन पायथ्याशी बसल्या. मास्तरांनी बोटं आवळली, सोडली. स्वार घोड्याला सांगतो ना, लक्ष दे, पुढे काहीतरी येतंय, ती ही खूण. बाईंनी तशीच खूण परत केली.

"काय करताय तुम्ही दोघं?" लेकीने विचारलं.

"गप्पा मारतोय," बाई म्हणाल्या.

असे काही दिवस गेले. बोलणं हळूहळू विरळ होत गेलं. एका दुपारी लेक खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती, बाईंनी खूण केली आणि पलीकडून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा केली. लगाम सैल पडला होता. लेकीला वाटलं, बाबांना झोप लागली. डॉक्टर येईपर्यंत बाई आपलं टोक धरून बसून राहिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत उडी शिकवायला नवा मास्तर आला. मुलगा चांगला होता, घोड्यांशी हळू बोलायचा. पहिल्याच दिवशी त्याने अदबीने विचारलं, "बाई, मास्तर पोरांना पहिली उडी कशी शिकवायचे? पोरांना एकदम वेगळं काही नको वाटायला."

बाईंना शब्दन् शब्द पाठ होता. त्या सांगायला गेल्या, आणि आवाजच फुटेना.

"उद्या सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या आणि मावशीला पाणी दाखवायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांना सांगता आलं नाही. नवा मास्तर शहाणा होता, त्याने पुन्हा विचारलं नाही.