चिलटांचा वैरी

काळी मेंढी ओढ्याच्या चिखलात पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि तिची जीभ बाहेर आली. वांग्यासारखी निळी. मी तिला मानेला धरून उठवत होते, ती उठत नव्हती. मागे आणखी एकवीस मेंढ्या चिखलात उभ्या होत्या, तोंडं सुजलेली, लाळ गळणारी. मीच उभ्या केल्या होत्या, सलग तीन दिवस. काठावर माझा धाकटा दीर डोक्याच्या फडक्यात लिंबाचा पाला खोचून ओरडत होता, "वहिनी, बाहेर काढा त्यास्नी! लय चिलटं हायेत तिथं!"

चिलटांशी असं वैर धरणारं माणूस नांदगावपासून नाशिकपर्यंत दुसरं सापडायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, म्हणून त्याला अरे-तुरे करते. तेव्हाही तो भाकरी खाताना एका हाताने चिलटं मारायचा. नवरा गेल्यावर मेंढ्या माझ्याकडे राहिल्या, शेळ्या त्याच्याकडे. त्याने शेळ्या वर टेकडीवर नेल्या, वाऱ्याला. दिवस कलला की गोवऱ्या आणि लिंबाचा पाला पेटवून त्यांना धुरात कोंडायचा आणि स्वतःही आत बसायचा. त्याच्या शेळ्यांच्या दुधाला धुराचा वास, चहाला धुराचा वास. एकदा पाहुण्याने विचारलं, दूध करपलं का? हा म्हणाला, "करपलं नाय, वाचलंय."

दुसरं वेड जिभेचं. जनावर असो की माणूस, आधी जीभ बघणार, मग बोलणार. निफाडकडे मुलगी बघायला नेला. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली. नाव विचारायचं सोडून हा म्हणतो, "जरा जीभ दाखवा." मुलीचा बाप उठलाच. "पाव्हणं, पोरगी हाय, मेंढी नाय!" पोहे तसेच राहिले. येताना मी एसटीत त्याला नाही नाही ते बोलले. हा खिडकीतून बघत म्हणाला, "तब्येत जिभेवरच दिसती, वहिनी." पुढे लग्न झालंच नाही.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. पावसाळा सरता सरता मेंढ्या लंगडू लागल्या, तोंडं आली. मी पाहिलं आणि म्हटलं, खुरकूत. खुरकूत आली की जनावर चिखलात उभं करायचं, खुरं निवतात, हे मी माहेराहून शिकून आले होते. हा टेकडीवरून धावत आला, दोन मेंढ्यांच्या जिभा पाहिल्या. "खुरकूत नाय ही. ओढ्यावर नेऊ नका, चिलटं चावत्यात." मी वाटेनं चाललेल्या परगावच्या मेंढपाळांसमोर म्हणाले, "चिलटं चावून मेंढी मरत असती, तर तुझी बडबड ऐकून मी कधीच मेले असते." माणसं हसली. मलाही बरं वाटलं.

काळी चिखलातच मेली. बाकीच्या त्याने एकेक करून खांद्यावर घेऊन टेकडीवर नेल्या. मी मागून चालत होते.

दुसऱ्या दिवशी नांदगावचा गुरांचा डॉक्टर आला. अर्धं गाव जमलं. त्याने तोंडं उघडून पाहिली आणि म्हणाला, निळ्या जिभेचा आजार आहे, चिलटं चावून होतो, ती ओढ्याकाठच्या चिखलात वाढतात. मग चिडून विचारलं, "आजारी मेंढ्या चिखलात कोणी उभ्या केल्या?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी हाच म्हणाला, "म्या केल्या, साहेब. खुरकूत वाटली."

मी तोंड मिटलं.

गावाला तेवढंच हवं होतं. चिलटांच्या वैऱ्यानेच मेंढ्या चिलटांना जेवायला नेल्या, असं पारावर वर्षानुवर्षं चाललं. पोरं मागून टाळ्या वाजवायची, चिलट मारल्यासारख्या. मी एकदाही म्हटलं नाही की, मेंढ्या मी नेल्या होत्या. एकदा त्यालाच विचारलं, का रे बोललास तसं? तो धूर फुंकत होता. म्हणाला, "तुम्हाला चार माणसांत बसावं लागतं, वहिनी. मला काय, धुरातच बसायचंय."

मेंढ्या आजारी होत्या त्या महिन्यात तो टेकडीवरून खाली उतरला नाही. मेंढ्यांना चघळता येत नव्हतं. हा बाजरीची पातळ पेज करायचा, तोंड मांडीवर घ्यायचा आणि बोटाने जिभेवर सोडायचा. मी लाकडं नेऊन द्यायचे. एकदा मान वर न करता म्हणाला, "वहिनी, तुमची जीभ बघू." निफाडच्या त्या बापासारखी मी उठले नाही. दाखवली. "ठीक हाय," म्हणाला आणि पुढची मेंढी घेतली.

आता तो नाही. म्हणून लिहिते आहे. तो होता तोवर हे चारचौघांत बोलायला माझी जीभ उचलली नाही.

बावीसपैकी पाच मेंढ्या जगल्या. त्याच्या शेळ्या सगळ्या जगल्या.