भिंत नसलेलं तळं

पाटसच्या स्टॉपवर रोज सकाळी एक आप्पा भेटतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या आवाजापुढं उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणीही कमी पडतात. माझा आवाज मात्र वर्गात फुटत नाही, आणि त्या दिवशी दौंडच्या कॉलेजात मला उत्तर इंग्लंडमधल्या विंडरमियर तलावावर बोलायचं होतं.

"एवढं पाणी म्हंजी भिंत कुणी बांधली?" मी त्या तलावाचं सांगितल्यावर आप्पांनी विचारलं. धरणाशिवाय मोठं पाणी त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

"भिंत न्हाई, आप्पा. डोंगरातनं बर्फाची नदी सरकत आली. तिनं दरी खोल खणली आन् तोंडाशी दगडमाती टाकली. म्हणून तळं लांब आन् अरुंद हाय."

"मोठ्यानं बोल की. पलीकडं गेलं न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. तसे आप्पा उठले आणि भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडं वळून ओरडले, "ऐका गं! तिकडं बर्फानं बांध घातलाय! आमची पोरगी सांगतीया!"

"मग शेताला पाणी घ्यायची पाळी कुणाची असती?" एका मावशीनं विचारलं. सगळे हसले. मीही हसले.

दुपारी मी फळ्यापाशी उभी राहिले आणि बर्फाची नदी सांगितली. शेवटच्या बाकावरून कुणीही "मोठ्यानं" म्हणालं नाही.